वल्ह्याला लावलेला कान

सकाळचे सात वाजायचे होते, तेवढ्यात भिकाजी तांडेलांनी लेकीचा अख्खा दिवस नासवून ठेवला.

"खडपार कोण नाय गो," ते म्हणाले.

होडी पालवशी बंदराच्या तोंडाशी उभी होती. तांडेल कडेवर ओणवे झाले होते. उंडीच्या लाकडाचं जुनं वल्हं त्यांनी पाण्यात उभं धरलं होतं आणि मुठीकडच्या टोकाला उजवा कान चिकटवला होता. ही पालवशीच्या तांडेलांची, म्हणजे मासेमारीच्या म्होरक्यांची, पिढीजात रीत. पाण्यात बोलणारा मासा लाकडातून ऐकू येतो. ढोमा मासा कुठे घुमतोय, थवा मोठा की किरकोळ, हे कानाला कळलं की तांडेल हात वर करायचा आणि रापण सुटायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी ओढायचं, सगळ्या गावाचं मिळून एक जाळं. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला त्यात वाटा. पण ती पालवशीत सुटली त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

देवयानीने मांडीवरचा टॅब बापाकडे वळवला. "आबा, हंय बघ. एक्याण्णव. जानेवारीत शहाऐंशी होतो."

"आसात. माका आकड्यातला काय समाजत नाय. पण थंय ढोमो एकच आसा."

"म्हणजे?"

"तीन वेळा घुमता, मगे गप. मगे दोन वेळा. थोड्या वेळान परत तोच, तसोच. जितो मासो असो घड्याळ लावन बोलत नाय गो बाय."

एरवी तिने हे हसण्यावारी नेलं असतं. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, डावा कान तर कधीच गेलेला. पण आदल्या संध्याकाळी वाळूत एक पोपटमासा मरून पडलेला सापडला होता, पोट पाठीला लागलेला. तो बघूनच तांडेलांनी माळ्यावरचं वल्हं उतरवलं होतं. आणि टॅबवर एक्याण्णवच्या खाली, बारीक अक्षरांत, पाण्याचं तापमान बत्तीस दाखवत होतं. ते सहा आठवडे खाली यायला तयार नव्हतं. आकड्याकडे बघायचं आणि तापमानाकडे बघायचं नाही, अशी सवय देवयानीने स्वतःला लावून घेतली होती, हे आपलं आपल्यात सांगतो.

आता हा आकडा देणारं हाकारा नावाचं यंत्र काय होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

समुद्रातलं प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते प्राणी असतात, मोहरीएवढ्या तोंडाचे, एकमेकांना चिकटून वस्ती करणारे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं. ते उन्हावर स्वयंपाक करतं, प्रवाळाला जेवू घालतं, रंगही तेच देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढराफटक होऊन उपाशी बसतो. काही आठवडे तग धरतो. गारवा आला तर वाचतो, नाही तर मरतो.

आणि प्रवाळाचं जितं खडप, म्हणजे या वस्त्यांनी बनलेला पाण्याखालचा खडक, कधी गप्प बसत नाही. तिथे बोटभर कोळंबी असते, जिचा एक पंजा दुसऱ्याच्या दुप्पट. तो पंजा ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि त्या फटाक्याने समोरचं सावज बेशुद्ध पडतं. अशा हजारो कोळंब्या एकदम फोडणी दिल्यासारख्या तडतडत असतात. पोपटमासे चोचीने खडक खरवडतात, त्याची करकर ऐकू येते. ढोमे घुमतात. हा सगळा गोंगाट मैलोगणती जातो, आणि त्यावरच पुढची पिढी येते. माशांची काचेसारखी पोरं भर समुद्रात वाढतात आणि मग घर शोधायला निघतात. गोंगाट ऐकला की तिकडे वळतात. प्रवाळाच्या पिल्लांना तर कानच नसतात, पण अंगावरच्या लवेला हा कंप कळतो, निदान शास्त्रज्ञ तसं मानतात. एकदा चिकटलेलं प्रवाळाचं पिल्लू जन्मभर जागा सोडत नाही.

यावरून यंत्र निघालं. अर्धमेल्या खडपावर पाण्याखाली भोंगे बसवायचे आणि जित्या खडपाचा आवाज वाजवायचा. पिल्लं येतात, वस्ती धरतात, खडप सावरतं. दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत हे तंत्र इतकं पुढे गेलं होतं की भोंगे नुसतं ध्वनिमुद्रण वाजवत नसत. ते खडपाचा आवाज सतत ऐकत, त्यातून शिकत आणि रोज थोडी सुधारलेली हाक घालत. पुण्याच्या ज्या संशोधन संस्थेने ते बनवले, तिने नाव ठेवलं हाकारा. पालवशीच्या मायखडप नावाच्या मोठ्या खडपावर असे अकरा भोंगे होते, एकाच जाड दोराला बांधलेले, लाटांच्या हेलकाव्यावर स्वतःची वीज स्वतः करणारे. त्यांची राखण देवयानी सारंगकडे होती. गावातली पहिली सागरशास्त्र शिकलेली पोर, तांडेलांची एकुलती एक.

भोंगे लागले तेव्हा संस्थेची अट होती की बंदरात जाळं पडता कामा नये. रापणीवर जगणारं गाव हे कसं ऐकणार? तेव्हा देवयानीने बापाला गळ घातली. तांडेलांनी सगळ्यांना किनाऱ्यावर उभं केलं, समुद्राला नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज तुझ्यापुढ्यात सबूद ठेवतत. जोपर्यंत मायखडप जिता होणा नाय, तोपर्यंत ह्या बंदरात रापण पडूची नाय रे म्हाराजा." आणि दीडशे माणसांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं.

तेव्हापासून गाव लांब जाऊन गळाने मासे धरत होतं, कोणी गोव्याच्या बोटींवर चाकरीला गेलं होतं. त्या सगळ्यांना देवयानी दर महिन्याला, खडप शंभरात किती जितं झालं, तो आकडा सांगायची. बावन्न, सत्तर, शहाऐंशी. आकडा चढला की बायका तिच्या हातात बांगड्याच्या कालवणाची वाटी ठेवायच्या.

दुपारी ती किनाऱ्यावरच्या संस्थेच्या खोलीत दार लावून बसली. महिन्याभराचा पाण्यातला आवाज उघडला आणि यंत्राला नव्हे, स्वतःच्या कानांना ऐकायला लावलं. तडतड होती, करकर होती, भरगच्च बाजार होता. मग तो ढोमा आला. तीन वेळा घुमला. गप्प. दोन वेळा घुमला. एकोणीस मिनिटांनी पुन्हा तोच. एकोणीस मिनिटांनी पुन्हा. तिने मागच्या आठवड्याचा दिवस उघडला, मग त्याच्या मागचा. ढोमा तिथेही होता.

काय झालंय ते तिला कळलं, आणि इतकं साधं होतं की कोणालाही कळलं असतं. भोंगे खडपाला ऐकून शिकत होते. खडप हळूहळू गप्प होत गेलं, तसे ते शेजारच्या भोंग्याला ऐकू लागले. मग स्वतःच्याच आवाजाला अजून सुरेख करून वाजवू लागले. आकडा काढताना भोंग्याचा आवाज वजा करायचा असतो. पण हाक रोज बदलत होती, वजाबाकीला ती ओळखू येईना, आणि सगळा गोंगाट खडपाच्या नावावर मांडला गेला. खडप जितकं मरत गेलं तितका आकडा चढत गेला.

आणि ती स्वतः? कॅमेरे दोन होते. एकाच्या भिंगावर शेवाळ धरलं होतं, दुसऱ्याचं तोंड कपारीच्या सावलीकडे होतं, तिथे सगळं ठीक दिसायचं. फेब्रुवारीपासून खडपावर उतरायला बंदी होती, पिल्लांना त्रास नको म्हणून. नियम बरोबरच होता. पण आकडा चांगला होता म्हणूनच ती नियम पाळत बसली होती, हे तिला आता टोचायला लागलं.

तिने प्रकल्पप्रमुख डॉक्टर इंद्रजित वर्टींना फोन लावला. वर्टी पुण्यात बसत. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"एक्याण्णव असताना तू म्हणतेस खडप मेलंय? कशावरून?"

"ढोमा तोच तोच आहे, सर. आधी वडिलांना कळलं. वल्ह्यावरून."

"वडिलांचं वय काय?"

"सर, मी आवाज तपासलाय. यंत्र स्वतःलाच ऐकतंय."

"असेल थोडंफार. दुरुस्त करू पावसाळ्यात. देवयानी, पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेत. प्रवाळांनी पिल्लं सोडली असणार. पाच दिवसांनी त्यांचा आणि माशांच्या पोरांचा मुख्य लोट येईल. वर्षातून एकदा येतो. या आठवड्यात हाकारा बंद केलास तर सबंध हंगाम गेला."

"आणि बंद नाही केला तर तो लोट बत्तीस अंशांत येऊन चिकटेल. मेलेल्या खडपावर. सगळा मरेल."

"सगळा नाही. शंभरात दोन उष्णतेला टिकतात, तेच आपल्याला हवेत. आणि इथे नाही आली तर जातील कुठे? भर समुद्रात मरतील." ते थांबले. "शुक्रवारी मंजुरीची पाहणी आहे. अजून चार बंदरं मंजुरीला थांबलीयत. भोंगे इथून बंद होतात आणि मी ते करणार नाही. तू पाण्यात उतरायचं नाहीस."

तिने फोन ठेवला. वर्टींचा मुद्दा खोटा नव्हता. जातील कुठे?

संध्याकाळी अंगणात गळाला दोरी बांधत बसलेल्या बापाला तिने तेच विचारलं.

"भायल्या बुडार जातली," तांडेल मान वर न करता म्हणाले. भायलं बूड म्हणजे बाहेर समुद्रातला पाण्याखालचा उंचवटा, त्यावरही प्रवाळ होतं. "हंयसून आठ मैल. थंय पाणी खालसून गार येता. उन्हाळ्यात ढोमो हंय गप झालो की आमी थंय जायत होतो. थंयचो आवाज बारीक, पण खरो."

"मगे पोरां आता थंय कित्याक जायत नाय?"

"हंय तुझे अकरा भोंगे बोंबलतत. तेंका भायलो कसो आयकाक येतलो?"

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ती बंदी मोडून पाण्यात उतरली. वर होडी धरायला तांडेल होते. तिला वाटलं होतं, खाली भयंकर काहीतरी दिसेल. तसं काही नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, ऊन खोलवर गेलं होतं, आणि मायखडप चुन्याने सारवल्यासारखं पांढरं होतं. जिथे पांढरं नव्हतं तिथे तपकिरी बुरा चढला होता. बुऱ्याखालचं प्रवाळ मेलेलं.

आणि कानात बाजार भरला होता. तिच्या डोक्यावर, पोटाशी, पाठीमागे पोपटमासे करकरत होते, कोळंब्या तडतडत होत्या, ढोमा घुमत होता. ती गर्रकन वळली. तिथे कोणी नव्हतं. लग्नाचा मांडव, सनई चालू, आणि माणूस एकही नाही, तसं. तिला इतकी भीती वाटली की श्वासाची नळी तोंडातून सुटता सुटता राहिली.

मग थोडं थोडं दिसू लागलं. समुद्रफुलाच्या पांढऱ्या पडलेल्या झुबक्यात विदूषक माशांची जोडी होती, मोठी मादी पुढे, लहानगा नर मागे, दोघं अजूनही घर राखत होती. एका कपारीपाशी झाडू मासा, बोटाएवढा निळा, तोच नाच करत होता जो तो मोठ्या माशांना अंग साफ करायला बोलावताना करतो. गिऱ्हाईक एकही नव्हतं. तळाच्या वाळूत एक बीळ होतं. दारात खरबी मासा पहारा देत होता आणि आतून कोळंबी वाळू उपसत होती. या कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती एक मिशी सतत खरब्याच्या शेपटीला लावून ठेवते. शेपटी हलली की संकट, लगेच आत. देवयानीची सावली पडली, शेपटी थरथरली, दोघं बिळात नाहीशी झाली.

ती वर निघाली तेव्हा मुखवट्याच्या काचेपुढे काहीतरी चमकलं. आधी वाटलं बुडबुडे. मग त्यांना डोळे दिसले. नखाएवढी, आरपार दिसणारी माशांची पोरं, शेकड्यांनी, सगळी एकाच दिशेने चालली होती. भोंग्याकडे. लोटाची आघाडी आली होती. ती भोंग्याभोवती घिरट्या घालत होती, खाली पांढऱ्या खडपावर उतरत होती, पुन्हा वर येत होती. त्यांना आवाज सापडला होता, घर सापडत नव्हतं.

होडीत चढल्यावर तिने मुखवटा काढला आणि ती रडली. तांडेलांनी तिला रडू दिलं, मग पंचा पुढे केला.

"आबा, भोंगे काढूक होये. तीन दिवसात. एकटीक जमणार नाय."

"मगे गावाक सांग."

"काय सांगू? चार वर्सां तेंका आकडे सांगलंय."

"ता तू बघ," तांडेल म्हणाले आणि वल्हवायला लागले.

रापण ठेवायच्या मांगरात दुपारी चाळीसेक माणसं जमली. जाळं चार वर्षं घडी घालून आढ्याला टांगलेलं होतं, त्याच्याखाली देवयानी उभी राहिली. तिने आडपडदा ठेवला नाही. मायखडप मेलं, कपारीत थोडंफार जितं आहे. आकडा खोटा होता. मला माहीत नव्हतं, पण बघायचं माझं काम होतं आणि मी बघितलं नाही. भोंगे पिल्लांना मरायला बोलावतायत, ते काढायला मला माणसं हवीत.

जयवंत धुरी पुढे आले. रापणीचे कारभारी, तांडेलांपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांची दोन्ही मुलं गोव्याला होती.

"ह्या भोंग्याक मासो भुलता, ह्या तुया आता सांगलंस," ते म्हणाले.

"होय, काका."

"पोरां इली की तेंच्या मागसून मोठो मासो येता. मगे भोंगे काढतंस कित्याक? ऱ्हवांदेत थंय. ते बोलवतले, आमी ओढतलो. खडप मेला, सबूद संपलो. चार वर्सां हात बांधून बसलो, तेचा काय तरी होवांदे."

मांगरात कुजबुज झाली, आणि ती नाराजीची नव्हती. देवयानी घाबरली, कारण ते जमलं असतं. उत्तम जमलं असतं. पालवशीत जमलं की शेजारच्या बंदरात भोंगे लागले असते, मग पुढच्या, आणि चार-पाच वर्षांत अख्ख्या किनाऱ्यावर हाकाऱ्याच्या आवाजावर येणारी शेवटची पिल्लं येऊन गेली असती. एवढी साधी गोष्ट पुण्यातल्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती. जयवंतकाकांच्या डोक्यात यायला पाच मिनिटं लागली.

"जयवंता," तांडेल बसल्या जागेवरून म्हणाले, "पोरांक आवशीच्या आवाजान हाक मारूची, आणि इली काय जाळ्यात धरूची? ह्या करतलंस तू?"

"म्हातारो झालंस, भिकाजी. तुझ्या चेडवान आमका फसवल्यान, ता बोल."

"बोलतंय." तांडेल भिंतीला धरून उठले. "चेडू चुकला. पण गाऱ्हाणा मी घातलंय, तांडेल मी. माझ्या घरात वल्हा होता. चार वर्सां मी तेका हात लावक नाय. आकडो चांगलो येता, मगे कान कित्याक लावूचो? तुमी माझ्यार विसंबलास, मी तिच्यार, ती यंत्रार. आणि यंत्र स्वतःचाच आयकत बसला." त्यांना दम लागला. "माझ्या बापाशीन माका ह्या शिकवलेला. माका लाज वाटता."

असं कबूल करणारा तांडेल पालवशीने पाहिला नव्हता. जयवंत धुरींनी खाली बघितलं, मग वर टांगलेल्या जाळ्याकडे.

"दोर केवढो लांब होयो?" अखेर त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला काम सुरू झालं. देवयानी खाली उतरून एकेका भोंग्याची वजनाला धरलेली पकड सोडवत होती आणि त्याला रिकामे कॅन बांधत होती, म्हणजे ओढताना तो खडपाला न घासता वरून येईल. कपारीतलं जे जितं होतं ते मोडता कामा नये, हे तिने सगळ्यांना तीनदा सांगितलं होतं. वरून तांडेल एकेक गाठ तपासत होते. मग दोराची दोन्ही टोकं किनाऱ्याला दिली आणि माणसं उभी राहिली, रापणीला राहतात तशीच, दोन रांगांत. बायका आल्या, दुकान बंद करून वाणी आला, शाळेच्या बाई आल्या. पालवशीत चार वर्षांनी रापण ओढली गेली, ती भोंग्यांची.

फोन वाजत होता. वर्टींना त्यांच्या पडद्यावर भोंगे जागेवरून हलताना दिसत असणार. देवयानीने तो उचलला.

"तू काय करतेयस कळतंय का तुला? संस्थेची मालमत्ता आहे ती."

"वाळूत ठेवतेय, सर. मोजून घेऊन जा. नोकरीचं पत्र पाठवाल तेव्हा घरच्या पत्त्यावर पाठवा." आणि तिने फोन खिशात टाकून दोर धरला. तांडेलाच्या घरातली असून तिने आयुष्यात रापणीचा दोर धरला नव्हता, शिकायला गेली होती ना. हाताची सालटं निघाली.

उन्हं कलताना अकरा काळे भोंगे वाळूत आले. पण ते गप्प झाले नव्हते. पाण्याबाहेर, उघड्या वाळूत, बारीक किरट्या आवाजात तडतडत होते, करकरत होते. माणसं चार पावलं मागे सरली. देवयानी गुडघ्यावर बसली आणि पान्याने एकेकाचं झाकण उघडून आतली बॅटरी काढू लागली. दहा गप्प झाले. अकराव्याचं झाकण गंजून बसलं होतं. तो घुमत राहिला. तीन वेळा. गप्प. दोन वेळा. तांडेल शेजारी बसले आणि त्यांनी त्याच्यावर तळवा ठेवून दाबून धरला, तेव्हा कुठे पाना फिरला आणि तो थांबला.

"आता कोण सांगतलो आमका, थंय काय आसा ता?" जयवंत धुरींनी विचारलं. "आकडो तर गेलो."

"मी सांगन," देवयानी म्हणाली. "रोज."

"कसा?"

तांडेलांनी होडीकडे जाऊन वल्हं आणलं आणि लेकीच्या हातात दिलं.

पहिल्या सकाळी तिला काहीच ऐकू आलं नाही, स्वतःच्या रक्ताची धडधड सोडून. तांडेलांनी तिचं डोकं धरून कान अर्धा बोट खाली सरकवला. "लाकडाक टेक. दाबू नको." दुसऱ्या सकाळी होडीवर आपटणाऱ्या लाटा वेगळ्या करता आल्या. तिसऱ्या दिवशी लोट यायचा होता. तिने दोन तास कान लावला. पाण्यात पोरं दिसली नाहीत. ती बाहेरच्या बुडाकडे वळली की भर समुद्रात विखरून मेली, हे समजायला काही मार्ग नव्हता.

चौथ्या दिवशी वर्टींचा फोन आला. आवाज उतरलेला होता. बाकीच्या बंदरांत आधी बसवलेल्या भोंग्यांची नोंद त्यांनी स्वतः ऐकली होती, आणि तिथेही यंत्र स्वतःलाच ऐकत होतं. नोकरीबद्दल ते बोलले नाहीत. शेवटी थोडं घुटमळून म्हणाले, "ते वल्ह्याचं लाकूड कुठलं असतं?"

"उंडीचं, सर," ती म्हणाली. "पण माणूस जुना लागतो."

पाचव्या सकाळी वारा पडलेला होता. बंदर आरशासारखं होतं. मायखडपावर शांतता होती, आणि ती शांतता आता तिला नीट ऐकू येत होती. त्या शांततेत कपारीच्या बाजूला एकदाच तट्‌ झालं. मग काही नाही. तिने वल्हं पश्चिमेकडे वळवलं, श्वास धरला. खूप लांबून, भास वाटावा इतकं बारीक, कढईत तीळ पडल्यासारखं काहीतरी येत होतं. ते गेलं. पुन्हा आलं. तिने बापाकडे पाहिलं. तांडेलांनी वल्हं घ्यायला हात पुढे केला नाही.

"माका नको इचारू," ते म्हणाले. "तुया आयकलंस, तू सांग."

किनाऱ्यावर मांगराचं दार उघडं होतं. रापण आढ्यावरून उतरवून वाळूत पसरली होती. जयवंत धुरी आणि पंधरावीस माणसं दोर हातात घेऊन उभी होती. काही जितं उरलंय म्हणाली तर थांबायचं, नाही म्हणाली तर सबूद संपला आणि आज जाळं पडणार, असं ठरलं होतं. चांगलं सांगावं, असं तिला फार वाटलं. "इली, काका, पोरां इली, बुडार पोचली." एवढं म्हटलं असतं तर ते सगळे आणखी वर्षभर थांबले असते. पाण्यातून चालत येता येता तिने ते वाक्य तोंडात दोनदा घोळवून पाहिलं.

"काय गो?" जयवंत धुरींनी विचारलं.

"हंय खडपार काय नाय," देवयानी म्हणाली. "कपारीकडे एक तडतडली, एकदाच. भायल्या बुडाकडसून बारीक आवाज येता. माका वाटता जितो आसा. पण मी पक्का सांगूक शकत नाय, काका. माझो कान अजून कच्चो आसा."

चार वर्षांत तिने जयवंत धुरींना पक्कं सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं.

मग ते खाली वाकले, दोराचं टोक वाळूतून उचललं आणि त्याची गुंडाळी करायला लागले. मागच्या माणसांनी घडी घालायला जाळ्याच्या कडा धरल्या.

"बरा," ते म्हणाले. "उद्या परत आयक."